शिकागोतलं भाड्याचं घर : करारावर नाव कुणाचं?

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही म्हण रचणाऱ्याने परमुलखात घर भाड्याने घेऊन पाहिलं असतं, तर तिला तिसरा चरण नक्की जोडला असता! लग्न काय किंवा घर बांधणं काय, नातलग आणि शेजारीपाजारी हाताशी असले की कसंबसं पार पडतं. परक्या शहरात घर शोधताना मात्र ओळखीचं कुणी नसतं. भाषा कळते, पण शब्द कळत नाहीत. आणि हातात पडतो तो बारीक टायपातला वीस-पंचवीस पानांचा करार.

आज पुष्कळ घरांतली मुलगी, सून, भाची किंवा धाकटी बहीण अमेरिकेत संसार थाटते आहे. कुणी शिकायला जाते, कुणी नोकरीला, तर बऱ्याच जणी नवऱ्याच्या नोकरीमागून जातात. मी राहते ते शिकागो हे सत्तावीस लाख वस्तीचं शहर. इथल्या रविवारच्या मराठी शाळेत मी मुलांना शिकवते. वर्ग सुटल्यावर मुलांना कोट-टोप्या चढवता चढवता आया जे प्रश्न विचारतात, त्यांत अभ्यासाचे प्रश्न थोडे आणि घराचे फार. भाडं किती द्यावं? थंडीत घर गरम राहील ना? फोडणीच्या वासाची तक्रार होईल का? पण सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न क्वचितच कुणी विचारते. तो म्हणजे, करारावर नाव कुणाचं घालायचं? त्या प्रश्नापाशी मी येणारच आहे. आधी गाव आणि घर पाहून घेऊ.

तळं म्हणजे केवढं?

शिकागो तळ्याकाठी आहे असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रंकाळा येतो, नाहीतर नागपूरचा अंबाझरी. मिशिगन सरोवराचं क्षेत्रफळ आहे सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ एक पंचमांश. काठावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा दिसत नाही. लाटा येतात, वाळू असते, फक्त पाणी गोडं. कोकणातून आलेली आजी एकदा चूळ भरून पाहते आणि मगच तिचा विश्वास बसतो.

हेच पाणी सगळं शहर पितं. पूर्वी शहराची घाण नदीतून याच सरोवरात जाई आणि रोगराई पसरे. म्हणून १९०० साली कालवा खणून शिकागो नदीचा प्रवाहच उलटा फिरवला, तेव्हापासून नदी सरोवराकडून दूर वाहते.

सरोवराचा घराशी संबंध काय म्हणाल, तर फार आहे. वसंतात काठचा भाग आतल्या भागापेक्षा चांगलाच थंड असतो, शरदात जरा उबदार. काठच्या उंच इमारतींवर वारा असा आदळतो की जुन्या खिडक्यांच्या फटींतून शीळ ऐकू यावी. आणि ‘पाण्याचं दृश्य’ दिसणाऱ्या खिडकीचे पैसे भाड्यात वेगळे मोजावे लागतात. माझा सल्ला विचाराल तर त्या खिडकीचा मोह सोडा. शिकागोचा बहुतेक सगळा किनारा सार्वजनिक आहे. काठाने १८ मैलांची, म्हणजे सुमारे २९ किलोमीटरची पायवाट आहे, बागा आहेत, पोहण्याच्या जागा आहेत. तिथे जायला कुणाला दमडी पडत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या बसच्या अंतरावर घर घ्या. सरोवर तेच मिळेल आणि वाचलेल्या पैशांत महिन्याचा किराणा निघेल.

पत्ता समजून घेणं मात्र इथे फार सोपं. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे मिळतात तो शून्याचा चौक. तिथून कुठल्याही दिशेला घरांचे आठशे आकडे गेले की साधारण एक मैल झाला. आपल्या लोकांच्या दुकानांचा डेव्हॉन रस्ता उत्तरेला ६४०० वर आहे, म्हणजे चौकापासून आठ मैल. अमेरिकाभर पसरलेल्या ‘पटेल ब्रदर्स’चं पहिलं दुकान याच रस्त्यावर १९७४ साली निघालं. कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, गूळ हे हाताशी हवं असेल तर त्या बाजूला शोधावं. विद्यापीठात शिकायला येणाऱ्या मुली दक्षिणेच्या हाइड पार्क भागात राहतात. आपली पुष्कळ कुटुंबं शहराबाहेर नेपरव्हिल, शॉम्बर्गकडे राहतात. तिथे शाळा आणि अंगण मिळतं, पण मोटारीवाचून पान हलत नाही. जिला अजून मोटार चालवता येत नाही, तिने हा विचार आधी करावा. नाहीतर नवरा कामावरून येईपर्यंत दुधाची पिशवीसुद्धा आणता येत नाही.

‘गार्डन’ म्हणजे बाग नव्हे

जाहिरातीत ‘गार्डन अपार्टमेंट’ वाचून आमच्या ओळखीची एक नवी नवरी अगदी हरखून गेली होती. तिने तुळशीच्या जागेचाही विचार करून ठेवला! प्रत्यक्षात शिकागोत ‘गार्डन’ म्हणजे अर्धं जमिनीखाली असलेलं घर. खिडकीतून दिसतात ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं. भाडं कमी असतं हे खरं. पण इथे पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून जातं. मुसळधार पाऊस झाला की ते तळघरांत उलटं चढतं. अशा घरात भिंतीच्या तळाशी ओलीचे डाग आहेत का, कुबट वास येतो का, हे नाक खुपसून पाहावं.

‘टू-फ्लॅट’ म्हणजे एकावर एक दोन बिऱ्हाडांचं विटांचं घर. पुष्कळदा मालक एका मजल्यावर स्वतःच राहतो. ‘कोर्टयार्ड’ म्हणजे तीन बाजूंनी इमारत आणि मध्ये अंगण, आपल्या वाड्याची आठवण करून देणारी. याखेरीज लिफ्ट आणि द्वारपाल असलेल्या उंच इमारती. दोन-तीन मजल्यांच्या जुन्या घरांना मागच्या बाजूला लाकडी जिना आणि गच्ची असते. आग लागली तर सुटकेची दुसरी वाट तीच. २००३ च्या जूनमध्ये एका घराची अशीच लाकडी गच्ची पार्टीच्या गर्दीने कोसळली आणि १३ तरुण मुलंमुली मेली. तेव्हा मागचा जिना वापरून पाहा. लाकूड कुजलेलं, कठडा हलता असेल तर त्या घराचं नाव घेऊ नका.

सगळ्यांत वरच्या मजल्याचं घरही नीट विचार करून घ्यावं. शिकागोच्या थंडीचा बोलबाला आहे, पण १९९५ च्या जुलैमधल्या उष्णतेच्या लाटेत या शहरात सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यांत एकेकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती. छताखालच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात. आईवडील सहा महिने राहायला येणार असतील तर गारव्याची सोय काय आहे, हे उन्हाळ्यापूर्वीच विचारून ठेवा.

बघायला जाल तेव्हा

भारतातून निघण्यापूर्वीच घर ठरवायची घाई पुष्कळांना असते. इंटरनेटवरचे फोटो देखणे, भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी, आणि घरमालक ‘परगावी’. ‘अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल.’ अशा ठिकाणी एक पैसाही पाठवू नये. कुणीतरी आपल्या डोळ्यांनी घर पाहिल्याशिवाय पैसे नाहीत, हा नियमच करा. मंडळातल्या कुणाला विनंती केली तर लोक जाऊन पाहतात, संकोच करू नका. पहिले पंधरा दिवस तात्पुरत्या जागेत काढावे लागले तरी चालेल.

पाहायला गेल्यावर पुढच्या गोष्टी स्वतः तपासा :

घर गरम ठेवण्याचा खर्च कुणाचा? जुन्या इमारतींत वाफेचे रेडिएटर असतात आणि तो खर्च बहुधा भाड्यातच धरलेला असतो. काही घरांत मात्र गॅसची भट्टी आपली आणि बिलही आपलं. भाडं कमी दिसतं, पण जानेवारीचं बिल पाहून डोळे पांढरे होतात. २०१९ च्या जानेवारीअखेर इथे पारा उणे ३१ सेल्सिअसपर्यंत उतरला होता, यावरून कल्पना करा. हीटिंग भाडेकरूच्या पदरी असेल तर आधीच्या वर्षाचा सरासरी खर्च घरमालकाने आपणहून सांगावा, असा शहराचा नियम आहे. तो आकडा मागून घ्या.

नळ सोडून पाहा, पण पिण्याच्या पाण्याचा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही. शिकागोत रस्त्यापासून घरापर्यंतचे सुमारे चार लाख नळ शिशाचे आहेत. १९८६ साली देशभर बंदी येईपर्यंत इथे ते तसेच घालत. मोठ्या इमारतींत हा धोका कमी, लहान जुन्या घरांत जास्त. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. आणि एक लक्षात ठेवा, पाणी उकळून शिसं जात नाही. आपल्याकडची ती सवय इथे उपयोगी नाही. ३११ या नंबरावर फोन करून पाण्याच्या तपासणीची बाटली फुकट मागवता येते. तोवर शिसं गाळण्यासाठी प्रमाणित केलेला फिल्टर वापरावा. सकाळी पाणी काही मिनिटं वाहू द्यावं, आणि स्वयंपाकाला, विशेषतः बाळाच्या दुधाला, गरम नळाचं पाणी कधीही घेऊ नये.

धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची, अशा दोन्ही घंटा आहेत ना, ते पाहा. झोपायच्या खोलीपासून पंधरा फुटांच्या आत त्या असायलाच हव्यात. आता आपल्या फोडणीने धुराची घंटा वाजते, ही गोष्ट खरी. म्हणून कुणी तिची बॅटरीच काढून ठेवतात. असं कधीही करू नका. तेल धुरावण्याआधी मोहरी टाका, झाकण हाताशी ठेवा, खिडकी बोटभर उघडा. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर फेकतो की तिथल्या तिथेच फिरवतो, हे घर बघतानाच विचारा. जिला रोज भाकरी करायची आहे, तिच्या दृष्टीने हा प्रश्न दिवाणखान्यापेक्षा मोठा.

कायदा आपल्या बाजूचा आहे, पण तो लेखी बोलतो

आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार, भरभक्कम अनामत आणि बाकी सगळं तोंडी, असा पुष्कळांचा अनुभव असतो. ‘बघू हो वहिनी, पुढच्या आठवड्यात प्लंबर पाठवतो,’ यावर आपण विसंबतो. शिकागोत मात्र १९८६ साली भाडेकरूंच्या हक्कांचा एक चांगला कायदा झाला. त्याचा सारांश प्रत्येक कराराला जोडलेला असावा लागतो. तो चहा पिता पिता एकदा वाचून काढा. त्यातल्या मुख्य गोष्टी सांगते.

हीटिंग घरमालकाच्या हातात असेल, तर शहराच्या नियमाप्रमाणे १५ सप्टेंबर ते १ जून या काळात घरात दिवसा निदान ६८ फॅरनहाइट आणि रात्री ६६, म्हणजे साधारण २० आणि १९ सेल्सिअस इतकी ऊब असलीच पाहिजे. नसेल तर लेखी कळवा आणि ३११ वर तक्रार नोंदवा. शहराचा तपासनीस येतो. बाळाला तीन स्वेटर घालून गप्प बसण्याचं कारण नाही.

अनामत घेतली तर घरमालकाने ती वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवायची, पावती द्यायची आणि घर सोडल्यावर ४५ दिवसांत परत करायची. काही कापून घ्यायचं असेल तर ३० दिवसांत त्याचा तपशील द्यायचा. हे नियम मोडले तर भाडेकरूला अनामतीच्या दुप्पट रक्कम मागता येते. म्हणूनच हल्ली बरेच मालक अनामत घेतच नाहीत. त्याऐवजी ‘मूव्ह-इन फी’ घेतात. ती परत मिळत नाही, हे समजून सही करा. घरात शिरताना प्रत्येक खोलीचे, ओट्याचे, गालिच्याचे तारखेसह फोटो काढून मालकाला ई-मेल करून ठेवा. सोडताना हळदीचा जुना डाग कुणाचा, यावर वाद नको.

घरमालकाला घरात यायचं असेल तर दोन दिवस आधी कळवावं लागतं. लहानसहान दुरुस्ती करत नसेल, तर १४ दिवसांची लेखी नोटीस देऊन ती आपण करून घ्यायची आणि ५०० डॉलर किंवा अर्ध्या महिन्याचं भाडं, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करायचा, अशीही सोय आहे. मात्र नोटिशीवाचून भाडं कापलं तर तुम्हीच अडचणीत याल. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं हे तर बेकायदाच. आणि तुमच्या व्हिसावरून धमकावणं हेही इलिनॉय राज्यात २०१९ पासून बेकायदा आहे.

दोन अपवाद लक्षात असू द्या. मालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि बिऱ्हाडं सहा किंवा त्याहून कमी असतील, तर १९८६ चा हा कायदा तिथे लागू नाही. आणि शहराची हद्द ओलांडली की हा कायदाही मागे राहतो. नेपरव्हिलला राहून शिकागोचा नियम सांगून उपयोग नाही.

आणखी एक. भाडं किती वाढवावं याला इथे मर्यादा नाही. १९९७ च्या राज्याच्या कायद्याने तशी मर्यादा घालायला शहरांना मनाईच केली आहे. पण भाडं वाढवायचं किंवा करार पुढे चालवायचा नसेल, तर मालकाने आधी कळवलं पाहिजे. सहा महिन्यांहून कमी राहिलेल्यांना ३० दिवस, तीन वर्षांपर्यंत ६० दिवस आणि त्याहून जास्त राहिलेल्यांना १२० दिवस आधी.

हे सगळे हक्क आहेत ‘टेनंट’चे, म्हणजे ज्याने करार केला त्या भाडेकरूचे. आता येते मूळ मुद्द्यावर.

‘टेनंट’ आणि ‘ऑक्युपंट’

करारात दोन रकाने असतात. एकात सही करणारा टेनंट. दुसऱ्यात ऑक्युपंट, म्हणजे सोबत राहणारी माणसं. त्यात मुलांची नावं असतात. आणि आपल्या कितीतरी घरांत मुलांच्या ओळीत, त्यांच्या वरती, आईचं नाव असतं. नवऱ्याने मुद्दाम केलेलं नसतं. नोकरी त्याची, पगाराची पत्रं त्याची, सोशल सिक्युरिटी नंबर त्याचा, तेव्हा अर्ज त्यानेच भरला. बायको सामानाच्या खोक्यांत डोकं घालून बसलेली. ‘सही काय, एकाची झाली म्हणजे झालं’ असं दोघांनाही वाटतं.

शाळेत मुलांना घेऊन येणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगते. नवऱ्याची बदली जानेवारीत दुसऱ्या राज्यात झाली. मुलांचं वर्ष जूनमध्ये संपेल, तोवर मी इथेच राहते, असं दोघांचं ठरलं. घराचा करार मार्चअखेर संपत होता. तो पुढे चालवायचा का, हे विचारणारं पत्र घरमालकाच्या ऑफिसने दोन महिने आधी नियमाप्रमाणे पाठवलं, पण नवऱ्याच्या ई-मेलवर. नव्या नोकरीच्या धबडग्यात त्याने ते उघडलंच नाही. एका दुपारी बाई खिचडी लावत असताना दारात ऑफिसचा माणूस आणि त्याच्यासोबत एक तरुण जोडपं उभं. घर पाहायला आलेलं! त्याची सूचनाही नवऱ्याच्याच ई-मेलवर गेली होती.

बाई दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या. तीन वर्षं त्या घरात राहत होत्या, भाडं एकदाही चुकलं नव्हतं. टेबलामागची मुलगी गोड बोलली, पण म्हणाली, ‘आमच्या कागदावर तुम्ही टेनंट नाही. तुमच्या मिस्टरांनाच बोलायला सांगा.’ फोनाफोनी होईपर्यंत घर दुसऱ्यांना दिलं गेलं होतं. मार्चच्या चिखलबर्फात दोन मुलांना घेऊन त्यांनी घर बदललं, आणि धाकट्याची शाळा वर्ष संपायच्या आत सुटली. भांडण नाही, तंटा नाही. नवराही भला माणूस. तरी ज्या घराचा कोपरान्‌कोपरा तिने तीन वर्षं पुसला, त्या घराविषयी बोलायचा अधिकार तिला नव्हता.

हे सगळ्या भल्या घरातलं. जिथे नवरा भला नाही, तिथे काय होत असेल? इलिनॉयमध्ये २००७ पासून असा कायदा आहे की घरात मारहाणीची भीती असेल तर भाडेकरूला करार मध्येच सोडून बाहेर पडता येतं, काही अटींवर कुलूप बदलून घेता येतं. पण कायदा ‘टेनंट’ म्हणतो तो करार करणाऱ्याला. करारावर नाव नसलेल्या बाईला मालक कोर्टाशिवाय बाहेर काढू शकत नाही, एवढा आधार आहे. मात्र ‘हे घर माझंही आहे’ असं म्हणायला लागणारा कागद तिच्याजवळ नसतो. अशा प्रसंगी एकटीने सोसू नये. दक्षिण आशियाई बायकांसाठी ‘अपना घर’ ही संस्था १९८९ पासून शिकागोत आहे. तिच्या नावातच काय ते आलं.

नावाचे उपयोग एरवीही आहेत. मुलाला सरकारी शाळेत घालायचं तर राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. राज्याचं ओळखपत्र, वाचनालयाचं कार्ड, बँकेतलं खातं, सगळीकडे तेच. घरात एकही कागद आपल्या नावाचा नसेल, तर शहरात राहूनही आपण कुठेच राहत नाही! आणि रेडिएटर बंद पडला, तर आपल्या नावाने, आपल्या सहीने तक्रार करता येते. नवऱ्याच्या मीटिंगा संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

‘पण मला नोकरी नाही, नंबर नाही, मग माझं नाव कसं घालतील?’ हा प्रश्न हमखास येतो. करारावर सही करायला सोशल सिक्युरिटी नंबर असलाच पाहिजे, असा कायदा नाही. भाडं परवडतं का, हे दोघांचं मिळून पाहायला सांगा. एकाच्या पगारात ते बसत असेल तर दुसऱ्याची सही घ्यायला बऱ्याच मालकांची ना नसते. पासपोर्टची प्रत द्या. विचारायचं मात्र सही करण्याच्या आधी. नंतर नाव वाढवायचं तर मालकाची मर्जी, आणि बहुधा नवा अर्ज, नवी फी. जुना करार असेल तर तो नवा होण्याच्या वेळी दोघांचं नाव घालून घ्या.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सही म्हणजे नुसता मान नव्हे, जबाबदारीही आहे. दोघांनी सही केली की सगळ्या भाड्याला दोघंही बांधील. मालक अर्धं-अर्धं मागत बसत नाही. एकाने भरलं नाही तर दुसऱ्याकडून पूर्ण मागू शकतो, आणि थकबाकीचा डाग दोघांच्या नावावर लागतो. म्हणून न वाचता सही करू नका, ‘तू फक्त इथे कर’ म्हटलं तरी नाही. पण जबाबदारी नको म्हणून नावही नको, हा हिशेब मला पटत नाही. भाडं थकलं तर घर दोघांचंही जातं. तोटा आपण सोसतोच, मग हक्क का सोडायचा?

मालक अगदीच तयार नसेल तर निदान एवढं करा. विजेचं बिल एकाच्या नावावर आणि गॅसचं दुसऱ्याच्या नावावर घ्या. ऑफिसच्या पत्रव्यवहारात आपला ई-मेल घालून घ्या. कराराची प्रत आपल्याजवळ ठेवा आणि तो संपण्याच्या तारखेच्या तीन महिने आधीची खूण कालनिर्णयवर करा. दुधाचा हिशेब लिहितो त्याच वहीत भाड्याच्या पावत्यांचा हिशेब लिहा.

विचारायची लाज नको

अडलं तर विचारावं. भाडेकरूंना फुकट सल्ला देणारी ‘मेट्रोपॉलिटन टेनंट्स ऑर्गनायझेशन’ ही संस्था आहे, तिच्या फोनवर साधं इंग्रजी पुरतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या चार जणी तर आहेतच.

१८९३ साली सर्वधर्मपरिषदेसाठी शिकागोला आलेल्या स्वामी विवेकानंदांचा पत्ता हरवला होता. त्यांनी रात्र रेल्वेच्या यार्डात काढली. दुसऱ्या दिवशी दारोदार विचारून थकून ते रस्त्याकडेला बसले, तेव्हा समोरच्या घरातून श्रीमती हेल बाहेर आल्या आणि त्यांना आत घेऊन गेल्या. इतक्या मोठ्या माणसालाही या गावात पहिला आसरा दिला तो एका गृहिणीने, आणि तोही त्यांनी आधी दारं ठोठावल्यावर!

तेव्हा मैत्रिणींनो, तुमची लेक किंवा सून शिकागोला निघाली असेल, तर लोणच्याच्या बरण्या आणि भाजणीच्या पुड्या बांधताना तिला एवढं जरूर सांगा. स्वयंपाकघर बघ, खिडक्या बघ, रेडिएटरला हात लावून बघ. आणि शेवटच्या पानावर नवऱ्याच्या सहीशेजारी दुसरी रेघ आहे का, तेही बघ. नसेल तर आखून घे. लग्नानंतर सासरच्या दारावरची पाटी बदलायला आपल्याकडे पिढ्या गेल्या. तिथे टपालपेटीवरच्या चिठ्ठीवर दोन नावं लिहायला पाच मिनिटं पुरतात. करारावर त्याला जरा जास्त वेळ लागतो, पण तो वेळ सही करण्यापूर्वीच काढावा.